नकाशातला हिशेब आपल्या हाती

घर बांधायचे ठरले की आपल्या समाजात पहिली चिंता जागेची आणि दुसरी पैशाची. जागा मिळते. पैसाही पै-पै करून उभा राहतो. मग नकाशा येतो. तो मोठा कागद सतरंजीवर पसरला की आपण सारे भोवती बसतो, माना डोलावतो आणि "साहेबांनी काढलाय म्हणजे बरोबरच असणार" असे म्हणून गुंडाळून ठेवतो. त्याच्याबरोबर दारे-खिडक्यांचा एक तक्ता येतो. दारे किती, खिडक्या किती, कोणत्या मापाच्या, कशाच्या. तो तक्ता तर कोणी वाचतही नाही. परंतु बंधू-भगिनींनो, आपला पैसा जातो तो या तक्त्याच्या हिशेबाने. कंत्राटदार दर लावतो तो त्या तक्त्यातल्या आकड्यांना. म्हणून नकाशा ज्याला वाचता येत नाही त्याने निदान तक्ता तरी वाचायला शिकले पाहिजे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

हे मत नुसते पुस्तकी नाही. आमच्या वस्तीत खाली बुद्धविहाराचे सभागृह आणि वर विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका बांधण्याचे ठरले. बांधकाम समितीत हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. घरटी महिना शंभर रुपये वर्गणी. कोणी धुणीभांडी करून देतो, कोणी रिक्षा चालवून देतो. अशा पैशाची पावती फाडताना हात जड होतो. त्यातला एक रुपया जरी वाया गेला तर उत्तर कोणाला द्यायचे, हा प्रश्न रोज समोर उभा असतो.

मंजुरीचा नकाशा परवानाधारक वास्तुविशारदाने केला, तो कायद्यानेच तसा लागतो. परंतु तो नकाशा आम्हांला उलगडून दाखवला आमच्याच वस्तीतल्या एका मुलीने. तिने स्थापत्य शाखेची पदविका घेतली आहे आणि ती एका ड्राफ्टिंग कचेरीत नोकरी करते. तिथे अमेरिकेतल्या घरांचे नकाशे काढले जातात. त्यांचा दिवस ती आपली रात्र, म्हणून ती बऱ्याचदा सकाळी कामावरून परतते. चीफ आर्किटेक्ट नावाचे सॉफ्टवेअर ती वापरते. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या कंपनीचे ते सॉफ्टवेअर आहे आणि घरे काढण्यासाठीच बनवलेले आहे. कचेरीच्या साहेबांची रीतसर परवानगी घेऊन, सुट्टीच्या दिवशी, तिने आमच्या विहाराचा नकाशा त्यात पुन्हा काढला. मला ती काका म्हणते आणि मी तिच्याकडून विद्यार्थ्यासारखे शिकलो.

जुन्या पद्धतीत नकाशा म्हणजे नुसत्या रेषा. खिडकी म्हणून चार रेघा ओढायच्या आणि बाजूला वेगळ्या कागदावर खिडक्यांची यादी हाताने लिहायची. या सॉफ्टवेअरमध्ये तसे नाही. इथे खिडकी ही खिडकी म्हणूनच बसवली जाते. तिला रुंदी असते, उंची असते, जमिनीपासूनचे अंतर असते आणि ती कोणत्या मजल्यावर आहे हेही तिला ठाऊक असते. मग 'शेड्यूल' मागितले की सॉफ्टवेअर स्वतःच साऱ्या खिडक्या मोजून तक्ता मांडते. खिडक्यांना डब्ल्यू ०१, डब्ल्यू ०२ आणि दारांना डी ०१, डी ०२ असे क्रमांक देते. तेच क्रमांक नकाशावरही उमटतात. सारख्या मापाच्या खिडक्या एका ओळीत येतात आणि पुढे नग लिहिले जातात. नकाशातली एक खिडकी काढली की तक्त्यातला आकडा आपोआप कमी होतो.

मी तिला म्हटले, "अगं, ही तर आमची खतावणी!" रोजकीर्दीत नोंद झाली नाही तर खतावणीत रक्कम येऊ शकत नाही. इथे नकाशा ही रोजकीर्द आणि शेड्यूल ही खतावणी. फरक एवढाच की खतवण्याचे काम यंत्र करते. नकाशा एक सांगतो आणि यादी दुसरेच सांगते, हा जो जुना घोळ आहे तो इथे सहसा होत नाही, कारण यादीला स्वतःचे वेगळे तोंडच नाही. ती नकाशाच्याच तोंडाने बोलते.

याचा उपयोग लगेच दिसला. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात चार फूट बाय चार फुटांच्या १८ खिडक्या होत्या. शेड्यूलमध्ये आल्या १६. आम्ही पुन्हा मोजले, तरी १६च. तेव्हा उलगडा झाला. मधल्या काळात जिना मागच्या भिंतीकडे सरकवला होता आणि तिथल्या दोन खिडक्या गेल्या होत्या. नकाशा बदलला, परंतु अंदाजपत्रक जुन्याच यादीवर राहिले. ग्रीलसह चौरस फुटाला ४५० रुपये दर होता. दोन खिडक्यांचे ३२ चौरस फूट म्हणजे १४,४०० रुपये. घरटी शंभरच्या हिशेबाने ही १४४ घरांची एका महिन्याची वर्गणी झाली. तक्ता समोर ठेवल्यावर कंत्राटदाराने काही वाद न घालता दुरुस्ती केली. त्याच्या मनात काय होते याची चर्चा करण्याची गरजच पडली नाही. कागद बोलू लागला की माणसांना भांडावे लागत नाही.

आता मॅक्रोविषयी. शब्द परका आहे, गोष्ट सोपी आहे. नकाशात एखाद्या दाराजवळ आपण "तीन फूट" असे हाताने लिहिले आणि उद्या दार अडीच फुटांचे केले, तर लिहिलेले तसेच राहील आणि खोटे ठरेल. म्हणून आकड्याच्या जागी एक खूण लिहायची. टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये 'विड्थ' हा शब्द लिहिला की सॉफ्टवेअर तिथे त्या दाराची त्या घडीची खरी रुंदी छापते. दार बदलले की छापील आकडा बदलतो. ही झाली तयार मॅक्रो. याच्या पुढे जाऊन आपली स्वतःची मॅक्रोही लिहिता येते. ती रुबी नावाच्या संगणकी भाषेत लिहायची असते. ही भाषा युकिहिरो मात्सुमोतो या जपानी गृहस्थांनी बनवली आणि १९९५ साली जगापुढे आणली. थोडक्यात, मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेला नियम. "असे असेल तर हे छाप, तसे असेल तर ते छाप."

नियम लिहिणारी मुलगी होती. परंतु कोणता नियम लिहायचा हे सांगितले ते आमच्या महिला मंडळातल्या एका ज्येष्ठ उपासिकेने. नकाशा पाहण्याच्या बैठकीत त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पोरी, मी चाळीतल्या खोलीत भर दुपारी बत्ती लावून चार मुलं शिकवली. वरच्या अभ्यासिकेत तीच पाळी येणार का, ते तुझ्या मशीनला विचार की."

बैठकीत काही लोक हसले. मुलगी हसली नाही. तिने वहीत लिहून घेतले. उजेड आणि वारा यांचा हिशेब मांडता येतो. नॅशनल बिल्डिंग कोड या आपल्या राष्ट्रीय संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी असे सांगितले आहे की दारे सोडून, चौकटीसह मोजलेले खिडक्यांचे एकूण क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश असावे. अभ्यासिका ३० फूट बाय २० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. तिचा सहावा हिस्सा १०० चौरस फूट. हा हिशेब प्रत्येक खोलीसाठी आपोआप व्हावा आणि कमी पडेल तिथे 'कमी' असा शब्द छापला जावा, अशी मॅक्रो तिने लिहायला घेतली.

त्यात एक अडचण आली, ती हिशेबनिसांनी ऐकण्यासारखी आहे. खिडकीला आपले माप ठाऊक, खोलीला आपले क्षेत्रफळ ठाऊक. परंतु खोलीतल्या साऱ्या खिडक्यांची बेरीज कोण करणार? तिने युक्ती केली. प्रत्येक खिडकी कोणत्या खोलीची हे तिच्या नोंदीत लिहिले आणि प्रत्येक खिडकीच्या मॅक्रोने आपले क्षेत्रफळ त्या खोलीच्या खात्यात जमा करायचे असे ठरवले. परंतु पडदा पुन्हा रंगला, म्हणजे नकाशा जरा हलवला तरी, की मॅक्रो पुन्हा चालते. खिडक्या पुन्हा जमा होतात. ९६ चौरस फुटांचे १९२ झाले, मग २८८ झाले. खिडक्या तेवढ्याच आणि उजेड मात्र तिप्पट! आम्ही कारकून याला एकाच व्हाउचरची दोनदा नोंद म्हणतो. त्यावरचा उपाय दोन्हीकडे एकच. व्हाउचर क्रमांक. तिने खिडकीचा शेड्यूल क्रमांक हाच व्हाउचर क्रमांक मानला. त्या क्रमांकाची नोंद आधी असेल तर तिच्यावर बेरीज करायची नाही, तिच्या जागी नवी मांडायची. मग मॅक्रो शंभरदा चालली तरी रक्कम तीच.

दुसरी खोच भागाकाराची. रुबी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले तर उत्तरही पूर्णांकच मिळते, अपूर्णांक गाळला जातो. ९६ भागिले ६०० म्हणजे शून्य! मग प्रत्येक खोली अंधारी ठरणार. म्हणून एका तरी आकड्यापुढे दशांश चिन्ह द्यावे लागते. हे तिला आधीपासून माहीत होते, तरीही तिने मॅक्रो थेट विहारावर चालवली नाही. आधी १० बाय १२ची एक खोटी खोली काढली, तिला २० चौरस फुटांची एक खिडकी दिली, हाताने गणित केले आणि यंत्राचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहिले. ही शिस्त मला फार आवडली. यंत्राचे उत्तर सुबक छापलेले असते, म्हणून ते खरे मानण्याचा मोह होतो. बाबासाहेबांच्या अनुयायाने कोणतीही गोष्ट केवळ छापील आहे म्हणून मानू नये.

मॅक्रो चालली. सभागृह पुरेसे. कार्यालय पुरेसे. अभ्यासिकेपुढे मात्र शब्द छापला गेला, 'कमी'. सहा खिडक्या, प्रत्येकी १६ चौरस फूट, एकूण ९६. शंभराला चार कमी. त्या उपासिकेने सूत्र, कोड, संहिता यांतले काही शिकलेले नव्हते. त्यांच्या डोळ्यांनी चाळीत जे भोगले होते तेच त्यांना नकाशात दिसले होते.

मग त्या सहा खिडक्यांची उंची अर्ध्या फुटाने वाढवली. प्रत्येकी १८ चौरस फूट, एकूण १०८. शेड्यूलमध्ये लगेच दोन ओळी झाल्या. चार बाय चारच्या दहा आणि चार बाय साडेचारच्या सहा. जादा खर्च १२ चौरस फुटांचा, म्हणजे ५,४०० रुपये. जुन्या यादीतल्या दोन खिडक्यांचे वाचलेले १४,४०० त्यातून वजा करता ९,००० रुपये शिल्लक राहिले. ते अभ्यासिकेच्या पुस्तकांच्या कपाटाकडे वर्ग करावेत असा ठराव बैठकीत एकमताने मंजूर झाला.

याच मॅक्रोच्या रीतीने आणखीही तपासणी करता येते. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या माणसासाठी दाराची मोकळी वाट ९०० मिलिमीटर असावी असा दंडक आहे. अडीच फुटांचे दार म्हणजे ७६२ मिलिमीटर. ज्या दाराची रुंदी कमी असेल त्याच्यापुढे खूण करणारी मॅक्रो दोन ओळींची आहे. इथेही भान हवे. तक्त्यात बहुधा दाराचे माप असते. चौकट आणि उघडलेले दार यांत जाणारी जागा वजा केल्यावर उरते ती खरी वाट.

आता आपल्या कुटुंबांच्या रोजच्या प्रश्नाकडे येतो. तो म्हणजे फ्लॅटचे क्षेत्रफळ. मुंबईतल्या बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकातल्या. आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्या तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत वाढल्या. पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फूट चटई क्षेत्राची घरे मिळत आहेत आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. इतरत्रही पुनर्विकास चालू आहेत. तिथे "पाचशे फूट" हा शब्द ऐकल्यावर आपण विचारले पाहिजे, कुठून कुठपर्यंत मोजलेले पाचशे?

रेरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या आहे. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, बाल्कनी धरायची नाही, परंतु घराच्या आतल्या आडभिंती धरायच्या. समजा, बाहेरच्या भिंतींच्या आतून घर २० बाय २५ फूट आहे. चटई क्षेत्र ५०० झाले. आत साडेचार इंची आडभिंती एकूण ४० फूट लांबीच्या असतील तर त्या १५ चौरस फूट खातात. म्हणजे खोल्यांची नुसती बेरीज केली तर ४८५. आणि सहा इंची बाहेरच्या भिंती धरून मोजले तर २१ बाय २६, म्हणजे ५४६. घर एकच, आकडे तीन!

सॉफ्टवेअरलाही हा प्रश्न सुटलेला नाही. ते बनवले आहे अमेरिकेसाठी. तिथल्या बहुतेक घरांच्या भिंती लाकडी चौकटींच्या, म्हणून आपल्या विटांच्या भिंतींची जाडी त्याला प्रथम शिकवावी लागते. ते 'लिव्हिंग एरिया' म्हणून जो आकडा छापते तो बाहेरच्या भिंतींसह असतो आणि खोलीचे आतले क्षेत्रफळ देते ते भिंती सोडून. आपल्या कायद्याचे चटई क्षेत्र या दोन्हींच्या मध्ये पडते. त्यासाठी बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडेने एक बंद रेषा काढून तिचे क्षेत्रफळ मागावे लागते. सांगायचे एवढेच की आकडा खरा असूनही तो आपल्या प्रश्नाचे उत्तर नसेल. व्याख्या आपण विचारली पाहिजे.

शेड्यूलच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर यंत्राची पूजा सुरू व्हायची. प्रत्येक दार-खिडकीला "तक्त्यात घेऊ नये" अशी खूण करता येते. तशी खूण केलेली वस्तू नकाशात दिसते, यादीत येत नाही. एका मजल्यापुरता तक्ताही काढता येतो. म्हणून तक्ता हाती आला की आधी नकाशावर बोट ठेवून एकदा नग मोजावेत. ज्या आकड्याच्या जागी कोणी मॅक्रो पुसून हाताने टंकले असेल तो आकडा मेलेला समजावा, तो पुढे बदलणार नाही. तसेच सरकत्या खिडकीचा साधारण अर्धाच भाग उघडतो. तक्त्यात क्षेत्रफळ पूर्ण दिसेल, वारा अर्धाच येईल. आणि सिमेंट किती घातले, लाकूड कसले वापरले, हे कोणताही तक्ता सांगत नाही. त्यासाठी कामाच्या जागी उभे राहावे लागते.

मोजमापाची ही जाणीव आपल्या धम्माला परकी नाही. विनयपिटकात भिक्खूंच्या कुटीविषयी नियम आहे. आळवी येथील भिक्खू कुट्या बांधण्यासाठी लोकांकडे फार मागू लागले, लोक त्रासले, तेव्हा भगवान बुद्धांनी माप घालून दिले. लांबी बारा वीत, रुंदी आतून सात वीत, आणि जागा संघाला दाखवून संमती घ्यावी. लोकांच्या दानातून बांधायचे तर माप हवे, ते आतून की बाहेरून हे स्पष्ट हवे आणि चारचौघांनी पाहिलेले हवे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या बांधकाम समितीला जसाच्या तसा लागू पडतो. परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहिलेल्या बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी दादरला राजगृह उभारले ते ग्रंथांसाठी. घरात कशाला जागा हवी हे तिथे राहणाऱ्याने ठरवायचे असते, हा धडा राजगृहाच्या भिंतींत आहे.

पिढ्यान् पिढ्या आपली घरे कुठे असावीत, किती असावीत, हे दुसऱ्यांनी मोजले. आपण विटा वाहिल्या, मोजपट्टी दुसऱ्याच्या हाती होती. आज आपली मुले-मुली मोजपट्टी हाती घेत आहेत. तेव्हा कुटुंबांना माझी विनंती आहे. दहावी-बारावीनंतर मुलगी ड्राफ्टिंग किंवा स्थापत्य शिकायचे म्हणाली तर तिला अडवू नका. महागडे सॉफ्टवेअर परवडत नसेल तर फ्रीकॅड नावाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यातही घर काढता येते, तक्ता करता येतो आणि मॅक्रो लिहिता येते. रमाई आवास योजनेतल्या २६९ चौरस फुटांच्या घरकुलापासून तिने सुरुवात करावी. खिडकी कुठे, चूल कुठे, पोरांचा अभ्यास कुठे, हे आईशेजारी बसून काढावे.

आणि बांधकाम समित्यांना विनंती अशी की नकाशा पाहण्याच्या बैठकीला आया-बहिणींना बोलवा आणि त्यांना आधी बोलू द्या. यंत्र सारे मोजते, परंतु काय मोजायचे ते त्याला कोणीतरी सांगावे लागते. ज्याने अंधारात दिवस काढले त्यालाच उजेड मोजायचे सुचते. तो प्रश्न विचारणारी एक बाई आणि तो प्रश्न यंत्राच्या भाषेत लिहिणारी एक मुलगी, दोघी एकाच वस्तीत असल्या तर आपला हिशेब दुसऱ्या कोणाला मांडू देण्याची गरज उरणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!